शुक्रवारची पाहणी

वसंता,

परवा तुझी शोकसभा झाली, आपल्या पालघरजवळच्या माहीमच्या शाळेत. टेबलावर तुझा फोटो होता, भाच्याच्या लग्नातला, फेटा बांधून अवघडून बसलेला. तुला तो फोटो मुळीच आवडायचा नाही. पण दुसरा होताच कुठे? जन्मभर लेथपुढे उभा राहिलास, तिथे कोण फोटो काढणार.

पहिलं मलाच बोलायला लावलं. मी तुझा सगळ्यात जवळचा मित्र ना! मी बोललो. चांगलं बोललो, असं खाली बसल्यावर शेजारचे म्हणाले. तू हातात तुकडा घेतलास की माप न लावता सांगायचास, दोन सूत कमी आहे, ते सांगितलं. तुझ्या हातचं बुश, यंत्रातली ती धातूची कडी, पाच-पाच वर्षं झिजायचं नाही, ते सांगितलं. तू घाटावरच्या माणसाला मासा खायला शिकवलंस, तेही सांगितलं, आणि लोक रडता रडता हसले.

सभा संपल्यावर लखमा माझ्याकडे आला. तुझा लखमा, जो गवताच्या गासड्या उचलायला म्हणून डोंगरातून आला आणि तुझ्या हाताखाली लोखंड तासायचा शेपर चालवायला शिकला. आता पुन्हा गावाकडे असतो. पावसात भात, बाकीचे महिने वीटभट्टी. पाय वाकलेत त्याचे. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "सायेब, तुमी आमच्यासाठी कागूद लिवला व्हता. माला याद हाय. लय चांगला लिवला व्हता. आमचं नशीब नाय, त्याला तुमी काय करनार?"

मी मान हलवली. फक्त मान हलवली, वसंता. सभेत मी जे बोललो ते सगळं खरं होतं. निव्वळ खरं बोलून माणसाला कसं बुडवता येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तिथे जे बोललो नाही ते आता बोलतो. तू ऐकायला नाहीस, म्हणूनच जीभ सुटते आहे, हेही कबूल करून टाकतो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी सांगलीकडून इथे पालघरला आलो. नगररचनेच्या कचेरीत आरेखक. काम काय, तर नकाशे काढायचे, रंगवायचे, त्यांचे छाप काढायचे. अंगाला सदा त्या छापांच्या अमोनियाचा वास. आमच्या टेबलाचा स्क्रू झिजला होता आणि नकाशा सारखा माझ्या मांडीवर घसरायचा, म्हणून तुला बोलावलं होतं. तू टेबलाखाली आडवा, मी वर रंग भरतोय. गावाच्या आराखड्याचा एक पट्टा जांभळा करायचा होता. तो रंग एका दमात भरावा लागतो. मध्ये थांबलं की कड वाळते आणि डाग पडतो. तू खालून डोकं काढून विचारलंस, "हा जांभळा कसला?"

"उद्योगाचा," मी म्हटलं. "जिथे जांभळा, तिथे कारखानेच. घरं बांधता येत नाहीत."

"आन् आमचा गाळा कुठे हाय ह्याच्यात?"

मी कुंचल्याच्या मागच्या टोकाने दाखवलं. रुळांच्या पूर्वेला, मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. तू बराच वेळ त्या ठिकाणाकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "नीट भर बाबा. कुठे कोरा ऱ्हायला नको." आणि पुन्हा टेबलाखाली गेलास. त्या दिवसापासून तू मला रंगारी म्हणायला लागलास. कचेरीत मी साहेब होतो, घरी अण्णा. रंगारी म्हणणारा तू एकटाच होतास.

त्या पट्ट्यात पूर्वी गवताच्या वखारी होत्या. जंगलपट्टीतलं गवत तिथे दाबून, बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. तो धंदा बसत चालला तशी मालकाने वखारींत भिंती घालून गाळे केले आणि भाड्याने दिले. तुझ्यासारखे अकरा जण तिथे आले. कुणी टर्नर, कुणी वेल्डर, एकाची पत्र्याची कामं, एकाची छोटी ओतभट्टी. बोईसरला एखाद्या कारखान्याचा पंप बंद पडला की तिथला माणूस तुटका शाफ्ट पोत्यात गुंडाळून तुमच्याकडे पळत यायचा. संध्याकाळपर्यंत नवा घेऊन जायचा. मोठ्या कारखान्यांचं पान तुमच्यावाचून हलायचं नाही, पण हे मोठ्या कारखान्यांनाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त पोतं घेऊन येणाऱ्या माणसाला.

गिऱ्हाइकं सगळी बोईसर-तारापूरची, म्हणून तुमची सुट्टीही तिथलीच. तिथे कारखाने शुक्रवारी बंद. विजेचा भार एका दिवशी पडू नये म्हणून तिथला वार असा वेगळा ठरलेला, आणि तुम्हीही तोच धरला. सगळं पालघर रविवारी आळसावायचं आणि तुमचा पट्टा मात्र रविवारी खणखणत असायचा. शुक्रवारी अकराच्या अकरा दारांना कुलपं. गावात फार थोड्या लोकांच्या हे ध्यानात होतं. ज्याला तिथे काम नाही तो वार कशाला मोजतो?

माझ्या ध्यानात होतं. कारण शुक्रवारी दुपारी तू डबा घेऊन कचेरीत यायचास.

तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. खानावळीत जेवून माझी हाडं वर आली होती. एका शुक्रवारी तू माहीमहून सायकल मारत आलास आणि मागच्या व्हरांड्यात डबा उघडलास. तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण. मी नाक मुरडलं. तू म्हणालास, "खा रे, घाटी. तुझ्या ज्वारीनं नुसता आवाज मोठा होतो, अंगाला काय लागत नाय." पुढच्या शुक्रवारी पापलेट. त्याच्या पुढच्या शुक्रवारी काटेरी मासा मुद्दाम आणलास आणि काटा घशात अडकल्यावर कोरडा भात गिळायला लावून हसत बसलास. माझं लग्न झालं, मुलगी झाली, घरात तिन्ही त्रिकाळ चूल पेटू लागली, तरी शुक्रवारचा डबा चुकला नाही. सुमनवहिनी आजारी असतील तेव्हा तू स्वतः भाकऱ्या थापायचास. त्या भाकऱ्या तुझ्या बुशांइतक्या गोल नसायच्या.

जेवताना आपण भांडायचो. भांडण कायम एकच. मी म्हणायचो, गाव वाढतंय, माणसं येतायत, त्यांना राहायला घरं नकोत का? गाळे काय, बोईसरला जातील. तिथे कारखान्यांची एवढी मोठी वसाहत आहे.

"तिथे माझ्यासारख्याला काय जागा हाय?" तू म्हणायचास. "तिथे मोठ्यांचे प्लॉट. माला एक लेथ नि एक खाट मावेल एवढी जागा पायजे. ती गावातच गावते. आन् तू घरं बांधशील, त्यात मानूस ऱ्हाईल, पन सकाळी उठून तो जाईल कुठे?"

"नोकरीला."

"कोनाच्या?"

तिथे मी हात धुवायला उठायचो. हे भांडण मी कधी जिंकलो नाही. तू जिंकलास असंही म्हणता येत नाही, कारण नंतर काय झालं ते तुला माहीत आहे.

थोरला मालक गेला आणि जमीन पुतण्याच्या हाती आली. पुतण्या हुशार. त्याने बघितलं, आजूबाजूला इमारती उठतायत आणि आपल्या जागेत लोखंडाचा कीस सांडतोय. पण जोवर पट्टा जांभळा होता तोवर तिथे एक मजलासुद्धा चढवता येत नव्हता, आणि त्यामुळेच तुमचं भाडं तुम्हाला झेपत होतं. त्याने अर्ज केला की एवढा तुकडा जांभळ्यातून काढून पिवळा करा. पिवळा म्हणजे राहण्याचा. कचेरीने हरकती मागवल्या. नोटीस एका वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आली, मुंगीच्या अक्षरात. तुमच्यापैकी कुणी ती वाचणं शक्य नव्हतं.

मी सांगितलं तुला. हे माझ्या बाजूने एकच, म्हणून लिहून ठेवतो. धावत तुझ्या गाळ्यावर आलो, वार मंगळवार होता, आणि तिथेच तेलकट स्टुलावर बसून हरकत लिहिली. इथे अकरा कारागीर आहेत, त्यांच्या हाताखाली तीस-चाळीस माणसं आहेत, रोज काम चालतं, हा पट्टा उद्योगासाठीच राखला पाहिजे. माझं अक्षर नकाशेवाल्याचं, मोत्यासारखं. लखमाने अंगठा द्यायला नकार दिला. तुझ्याकडे सही शिकला होता, तीच केली, कागदाच्या अर्ध्या रुंदीएवढी. तू म्हणालास, "रंगारी, तू हायस म्हनून माला काय काळजी नाय."

वसंता, हे वाक्य तू बोलायला नको होतंस.

कारण त्यानंतर महिन्याभरात पुतण्या माझ्या घरी आला. घर म्हणजे काय, तुला माहीतच आहे: एक खोली, पाणी अंगणातल्या नळाचं, संडास आठ बिऱ्हाडांत एक. पावसाळ्यात मालती विटांवर पाय ठेवत नळापर्यंत जायची. एकदा हंड्यासकट घसरली होती, पोटात दुसरं मूल होतं, ते गेलं. त्यानंतर तिने घरात नळ हवा एवढं एकच मागणं धरलं होतं. दुसरं काही म्हणून नाही. पुतण्या खुर्चीत बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "रंग बदलला की मी लगेच काम काढतो. कचेरीतल्या माणसांसाठी तळमजल्याच्या दोन जागा बाजूला ठेवल्यात, सवलतीत. तुमचं नाव घालू?" बाकी काही नाही. अमुक करा, तमुक करा, काही म्हणाला नाही. तसं म्हणाला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं, असं मला अजून वाटतं. मालती दारात उभी होती. मी म्हटलं, घाला.

तुला हे सांगितलं नाही. दोन-तीन शुक्रवार आले, गेले. डबे खाल्ले.

मग साहेबांनी मला बोलावलं. निर्णयाआधी जागेची पाहणी करायची होती. साहेब नवे, नागपूरकडचे, इथलं काही ठाऊक नाही. त्यांनी डायरी उघडली. "गुरुवारी जीप नाही," ते म्हणाले. "शुक्रवारी जाऊ. चालेल ना?"

मी त्यांच्या टेबलापुढे उभा होतो. भिंतीवर दिनदर्शिका होती. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, शुक्रवारी तिथे सुट्टी असते, शनिवारी जाऊ. सात-आठ शब्द. त्यात ना कुणाला दुखवायचं होतं, ना नोकरी जाणार होती. साहेबांनी डायरीतला शुक्रवार खोडून शनिवार केला असता आणि विसरून गेले असते.

मी म्हटलं, "चालेल साहेब."

शुक्रवारी साडेअकराला आम्ही तिथे पोचलो. एवढा गप्प तुमचा पट्टा मी कधी बघितला नव्हता. शुक्रवारी मी कशाला तिथे जाईन, शुक्रवारी तर तूच माझ्याकडे. अकरा दारं, अकरा कुलपं. ओतभट्टीच्या राखेत कुत्रं झोपलं होतं. तुझ्या दारावर खडूने "शाफ्ट शनवारी मिळेल" असं कुणासाठी तरी लिहिलं होतं. साहेब दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी ते वाचलं नाही. मी वाचलं, आणि चालत चालत त्या दाराच्या आणि त्यांच्या मध्ये आलो.

साहेबांनी विचारलं, "हे असे बंदच असतात का?"

मी म्हटलं, "आज तर बंदच दिसतायत."

दुपारी कचेरीत परतून मी टिपण लिहिलं. साहेबांनी सांगितलं, मी उतरवलं. "पाहणीच्या वेळी सर्व गाळे कुलूपबंद आढळले. जागेवर कोणतेही उत्पादन चालू नव्हते. कामगार दिसून आले नाहीत." खाली तारीख. वार लिहायची पद्धत नसते. ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आजही कोर्टात उभं केलं तर मी शपथेवर सांगेन, खोटं नव्हतं.

सही झाल्यावर मी मागच्या व्हरांड्यात आलो, तर तू बसला होतास. दीड तास थांबला होतास. डबा उघडला नव्हतास. कोलंबी होती. "थंड झालं सगळं," तू म्हणालास. "कुठे गेला होतास?"

"मोजणीला."

"उन्हातानात? बस, आधी पानी पी."

मी पाणी प्यालो आणि जेवलो. तू तुझ्या वाटणीची कोलंबीही माझ्याकडे सरकवलीस, कारण मी दमलेला दिसत होतो. मी ती खाल्ली, वसंता. घास अडकला वगैरे काही झालं नाही. चांगली लागली. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे झालं. सुनावणीत तुम्ही म्हणालात, रोज काम चालतं. साहेबांनी टिपण दाखवलं. तुम्ही एकमेकांकडे बघायला लागलात. कुठली पाहणी, कधी झाली, तारखेवरून वार काढायचं तिथे कुणाला सुचलं नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो, हातात फाईल. तू माझ्याकडे वळून बघितलंस. मी खाली फाईलकडे बघितलं. पट्टा पिवळा झाला. तो रंगही मीच भरला. जांभळ्यावर पिवळा चढत नाही, मातकट होतं, म्हणून नवा कागद घ्यावा लागला.

मी मनाला बरंच समजावलं. वरून ठरलेलंच असेल, शनिवारी गेलो असतो तरी निकाल तोच लागला असता. असेलही. पण शनिवारी लेथ चालू असती, भट्टी पेटलेली असती, लखमाने साहेबांना खुर्ची दिली असती. मग काय झालं असतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि ही सोय मीच लावून ठेवली.

गाळे रिकामे झाले. भट्टीवाला गावी गेला. पत्र्यावाल्याने रिक्षा घेतली. लखमा महिनाभर तुझ्या दारात येऊन बसायचा, मग यायचा थांबला. तू लेथ विकलीस आणि बोईसरला एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलास, पंचेचाळिशीत, पोरसवद्या सुपरवायझरच्या हाताखाली. तिथे सगळे हिंदीत बोलायचे. तुझी हिंदी ऐकून मी हसायचो, आठवतं? "हमको माप मत सिखाव" असं तू त्याला म्हणाला होतास. सुट्टी तुला शुक्रवारचीच मिळाली. पहिल्याच शुक्रवारी तू डबा घेऊन आलास.

त्या जागेवरच्या इमारतीत मी घर घेतोय, हे सांगायला मला वर्ष लागलं. तू थोडा वेळ भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिलास. मग म्हणालास, "बरं झालं. वहिनीला घरात नळ मिळेल."

वास्तुशांतीला तू आलास. पितळी मूठ घेऊन आलास, दाराला लावायची, स्वतः कातलेली. लेथ विकायच्या आदल्या दिवशी शेवटचं काम तेच केलं होतंस, असं म्हणालास. कुणाच्या तरी दारासाठी होईल म्हणून. खिडकीतून बाहेरची गाळ्यांच्या वेळची विहीर बघितलीस, पावलं मोजलीस, आणि आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून मालतीला म्हणालास, "वहिनी, हितं लखमाचा शेपर होता. फरशी जड घातली नाय तरी चालेल, खाली पाया पक्का हाय." मालती हसली. तिला कुठे काय माहीत होतं. मी सरबत वाटायला बाहेरच्या खोलीत गेलो आणि बराच वेळ आत आलो नाही.

आणि आता परवाचं सांगतो.

सभेनंतर सुमनवहिनींनी मला घरी नेलं. तू ट्रंकेत काही कागद ठेवले होतेस, ते माझ्या कामाचे असतील म्हणाल्या. दोनच कागद होते, एका टाचणीत. वर लखमाच्या मोठ्या सहीची ती हरकत, तिची प्रत. खाली पाहणीच्या टिपणाची नक्कल, कचेरीच्या शिक्क्याची. दोन्ही अक्षरं एकाच हाताची. लहान मुलालाही कळेल.

शिक्क्याची तारीख बघितली. सुनावणीनंतर तीन आठवड्यांनी पडलेली. मी मुलीला घेऊन सांगलीला गेलो होतो, त्या दिवसांतली. म्हणजे मी नसताना तू कचेरीत येऊन अर्ज केलास, रांगेत उभा राहिलास, नक्कल घेतलीस. आणि तारखेशेजारी, तू लोखंडावर खुणा करायचास त्या जाड पेन्सिलीने, एकच शब्द लिहिलास. शुक्रवार.

म्हणजे वास्तुशांतीला तुला माहीत होतं. मूठ हातात देताना माहीत होतं. "बरं झालं" म्हणताना माहीत होतं. त्यानंतरच्या आठ वर्षांतल्या प्रत्येक डब्याला माहीत होतं.

मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माला पन सांगितलेलं त्यांनी. मी लय भांडले. म्हनलं, जाऊन विचारा त्याला, तोंडावर विचारा. तर म्हनाले, विचारू नको. विचारलं तर तो खोटं बोलेल. नि मंग शुक्रवारी डबा कसा न्यायचा?"

वसंता, तुझी ओळख करून देताना मी सभेत म्हणालो, हा माणूस माप न लावता सांगायचा. माझंही माप तू असंच काढलं होतंस. बरोबर काढलं होतंस. विचारलं असतंस तर मी खोटंच बोललो असतो. साहेबांवर ढकललं असतं, जीपवर ढकललं असतं, वार ध्यानातच आला नाही म्हणालो असतो. आणि तू पुन्हा आला नसतास. म्हणून तू विचारलं नाहीस. मी समजत होतो की मी तुझ्यापासून काहीतरी लपवून मैत्री टिकवली. टिकवली तू, आणि डोळे उघडे ठेवून टिकवलीस.

मी तुझे आभार मानायला हवेत, पण तोंड नाही. तुझ्यावर रागही येतो, खरं सांगतो. एकदा तरी शिवी हासडायची होतीस. व्हरांड्यात डबा आपटून म्हणायचं होतंस, रंगारी, तू काय केलंस हे? मी खोटं बोललो असतो, पण तुझा आवाज तर माझ्या कानांत राहिला असता. आता राहिलंय काय, तर "आधी पानी पी."

कालपासून मालतीशी बोलायचा प्रयत्न करतोय. ती भांडी घासते, नळ चालू असतो, मी तिच्या मागे उभा राहतो आणि पुन्हा बाहेर येतो. पण सांगणार आहे. लखमाच्या गावीही जाणार आहे. त्याने माझे हात धरले होते, ते तसेच ठेवून घेता येणार नाहीत. तो काय म्हणेल माहीत नाही. त्याने काही म्हणू नये असं आता मला वाटत नाही.

आज शुक्रवार आहे. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. नवीन पोरं म्हणाली, सर, आत बसा, पंखा आहे. मी म्हटलं, राहू दे. दीड तास बसलो, तू बसला होतास तेवढा. तू विचारलं नाहीस, आणि आता विचारणारही नाहीस. तरी उत्तर देतो, आणि ह्या वेळी खोटं बोलत नाही.

मोजणीला गेलो नव्हतो, वसंता. तुझ्या गाळ्यावर गेलो होतो. आणि वार मला माहीत होता.